हाल्बेरामामीवरचा पाचवा लेख

हाल्बेरामामी आमच्या हाल्सवीकच्या तरणतलावावर कामाला होती. कामाला म्हणजे काय, तलाव तिचाच होता. नगरपालिकेचं नाव नुसतं पाटीवर. काचेच्या खिडकीमागे ती विणकाम घेऊन बसायची, आणि शॉवरकडून तलावाकडे उघडणारं दार वाजलं की तिच्या सुया थांबायच्या. आधी साबण लावून, अंगावर चिंधीसुद्धा न ठेवता अंघोळ करायची आणि मगच पाण्यात उतरायचं, हे आइसलंडात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. शॉवरच्या भिंतीवर चित्रही असतं: एक उघडा माणूस, आणि त्याचं डोकं, काखा, जांघा, पावलं लाल रंगवलेली. पण चित्र बोलत नाही. मामी बोलायची.

"केस कोरडे. परत."

"साबणाचा वास कुठाय? परत."

एकदा मतं मागायला गावात आलेला पुढारी लोकांत मिसळावं म्हणून गरम हौदात बसायला निघाला. मामीने त्याला वाटेतूनच परत पाठवलं. तो पुन्हा आला तेव्हा तिने वाकून त्याच्या खांद्याचा वास घेतला आणि मान डोलावली. बिचाऱ्याने तेवढ्यावर तिचे आभार मानले. तो निवडून आला. मामीने मात्र त्याला मत दिलं नव्हतं. हे त्याला तिनेच सांगितलं.

मलाही पोहायला तिनेच शिकवलं. ती लांब दांडा घेऊन काठाकाठाने चालायची, आणि आमचा हात काठाकडे गेला की दांड्याने सोडवायची. मी रडायला लागलो तर म्हणाली, "रड की. पण पाय मार." गावातल्या दोन पिढ्या अशा रडत रडत पोहायला शिकल्या.

मार्चमध्ये मामी गेली. हृदय बंद पडलं. मागे राहिला तो ओडगेरमामा, माझ्या आईचा भाऊ. मासळीच्या कारखान्यात यंत्रं दुरुस्त करण्यात त्याचं आयुष्य गेलं. बोलणं कमी, आणि जे काही बोलायचं ते यंत्राला उद्देशून. घरात बोलायचं खातं मामीकडे होतं.

आणि आता मामाला लेख लिहायचा होता.

आमच्याकडे माणसाला पुरतात त्या दिवशी सकाळच्या पेपरात त्याच्यावर लेख येतात. ते पेपरवाले लिहीत नाहीत. घरचे लिहितात, शेजारी लिहितात, गाण्याच्या मंडळातल्या बाया लिहितात. मेलेला मंत्री असो की मासे साफ करणारी बाई, पान एकच. अख्खा देश कॉफीबरोबर ती पानं वाचतो, ओळख असो वा नसो, आणि मग गरम हौदात मानेपर्यंत बुडून त्यावर चर्चा करतो. नवऱ्याने काय लिहिलं, बहिणीने काय लिहिलं, कोणी मुद्दाम काहीच लिहिलं नाही. मामी स्वतः ती पानं पेन्सिल घेऊन वाचायची. "खोटं," असं म्हणून एखाद्या वाक्याखाली रेघ मारायची. "हा मनुष्य उदार नव्हता. मी याला ओळखत होते."

मामा लॅपटॉपसाठी माझ्याकडे आला. मी पेट्रोलपंपावरच्या दुकानात काम करतो आणि तिथला संगणक अडला की चालू करतो, एवढ्यावर घराण्यात मी विद्वान ठरलोय. त्याने खिशातून कागद काढला. त्यावर लिहिलं होतं: 'हाल्बेरा वारली. तलाव बंद आहे.'

"याच्यापुढे?" मी विचारलं.

"याच्यापुढे येत नाही."

"मामा, लोक हल्ली एआयला सांगतात. आपण माहिती द्यायची, तो लिहून देतो."

"त्याला ती माहीत आहे?"

"नाही. आपण सांगायची."

मामाने बराच वेळ लॅपटॉपकडे पाहिलं, नव्याने आलेल्या यंत्राकडे पाहावं तसं. मग खुर्ची ओढून बसला. "हे बघ इल्लुगी. मला कौतुक नकोय. वाचणाऱ्याला वाटलं पाहिजे की आता ही बाई मला परत पाठवणार. तेवढं जमलं की झालं."

मी माहिती भरली. नाव, वय, तलाव, विणकाम, दांडा. एआयने पापणी लवायच्या आत लेख दिला. मी मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "'हाल्बेरा म्हणजे मायेचा अखंड झरा होती. तिच्या प्रसन्न हास्याने अवघा तलाव उजळून निघत असे...'"

"थांब," मामा म्हणाला. "तलाव दिव्यांनी उजळायचा. ते दिवे मी बसवलेत."

"अरे, ती एक पद्धत असते लिहायची."

"ती हसली कधी? तू पाहिलंयस?"

मी आठवून पाहिलं. एकदा पाद्रीणबाई शेवाळावरून घसरली होती तेव्हा. पण ते हसू लेखात घालण्यासारखं नव्हतं.

मी एआयला कळवलं की बाई कडक होती. त्याने लगेच सुधारून दिलं: "'तिच्या कठोर आवरणाखाली एक कोमल हृदय दडलेलं होतं.'"

"दडलेलं काही नव्हतं," मामा भडकला. "हृदय बिघडलेलं होतं, डॉक्टरने फोटो दाखवला. आणि आवरण कसलं? ती बाहेरून कडक होती, आतून कडक होती, झोपेतसुद्धा कडक होती. लिही त्याला."

लिहिलं. एआय म्हणाला, आपलं म्हणणं अगदी बरोबर आहे, क्षमस्व. आणि नवा मजकूर दिला, त्यात कडकपणा हीच तिची प्रेमाची भाषा होती. मामाने सांगितलं, भाषा नव्हती, कडकपणाच होता. एआय म्हणाला, आपलं म्हणणं अगदी बरोबर आहे.

असं बरंच चाललं. मामाचा चेहरा लाल होत गेला. कारखान्यात एखादं यंत्र नीट चालतंय असं दाखवून मासे मात्र वाकडे कापायचं, तेव्हा त्याचा चेहरा असाच व्हायचा म्हणतात. शेवटी त्याने टेबलावर हात आपटला.

"याच्याशी भांडताही येत नाही रे! काही म्हणा, हा म्हणतो तुमचंच बरोबर. चाळीस वर्षांच्या वर संसार केला मी, त्या बाईने एकदा तरी म्हटलं का माझं बरोबर आहे म्हणून? आणि हा तिच्यावर लेख लिहिणार!"

तो उठून बाहेर गेला आणि ज्या पायरीवर बर्फ नव्हता तीच पायरी फावड्याने खरवडत राहिला.

तो परत आला तोवर पडद्यावर एआयचा प्रश्न आला होता: आपल्या पत्नीचा एखादा हळवा क्षण सांगू शकाल का?

मामाने प्रश्न दोनदा वाचला. मग डावा हात वर केला. त्याला करंगळी नाही. "हे बोट कारखान्यात गेलं तेव्हा," तो म्हणाला, "ती दवाखान्यात आली. मी पांढराफटक पडलेलो. तिने पट्टी बघितली आणि म्हणाली, 'म्हणजे आता डाव्या हाताला चारच बोटं विणायची.' मग बसली तिथेच आणि आधी विणलेल्या हातमोज्याची करंगळी उसवायला लागली. डॉक्टर टाके घालतोय, ही उसवतेय. तो मोजा मी अजून वापरतो. हे घाल."

हे ऐकून मला गलबलून आलं, खोटं कशाला बोलू. मी शब्दन् शब्द टाकला. वाटलं, आता जमलं.

एआयने लिहिलं: 'पतीवर कठीण प्रसंग ओढवला तेव्हा ती खंबीरपणे त्याच्या पाठीशी उभी राहिली. तिने विणलेल्या प्रत्येक टाक्यात तिच्या मायेची ऊब होती.'

"बोट कुठाय?" मामाने विचारलं.

"अं?"

"बोट. करंगळी. उसवलेली. यात कुठाय?"

नव्हती. मी पुन्हा सांगितलं की बोट पाहिजे. त्याने बोट घातलं आणि दवाखाना काढला. दवाखाना घाला म्हटलं तर मामीच्या डोळ्यांत अश्रू घातले. "ती रडली नव्हती!" मामा लॅपटॉपवर ओरडला. लॅपटॉप म्हणाला, आपलं म्हणणं अगदी बरोबर आहे.

तेवढ्यात फोन वाजला. मामीची बहीण स्वाना, राजधानीतून. "ओडगेर, माझा लेख गेलासुद्धा. तुझा कुठाय? दुपारनंतर पुरायच्या दिवशीच्या अंकात घेणार नाहीत. नवऱ्याचा लेख नाही, लोक काय म्हणतील?"

मामाने फोन ठेवला. त्याच्या खांद्यातला जोर संपलेला दिसला. स्वतःच्या कागदाकडे त्याने एकदा पाहिलं, 'हाल्बेरा वारली. तलाव बंद आहे,' आणि कागद घडी करून परत खिशात टाकला. "पाठव," तो म्हणाला.

"हा? हा तिचा नाहीये मामा. तूच म्हणतोस."

"मग कोणाचा पाठवू? पाठव. निदान शुद्धलेखन तरी धड असेल."

पुरायच्या दिवशी सकाळी मी पेपर घेऊन त्याच्या घरी गेलो. मामीवर चार लेख होते: मामाचा, स्वानाचा, गाण्याच्या मंडळाचा, आणि नगरपालिकेतल्या सहकाऱ्यांचा. मामाच्या लेखात ती मायेचा अखंड झरा होती. स्वानाच्या लेखात मायेचा निर्मळ झरा. मंडळाच्या लेखात झरा सुरांचा होता, आणि नगरपालिकेत तो प्रेरणेचा. त्या पानावर इतके झरे होते की पेपर ओला कसा नाही याचं नवल. चारही लेखांत तिचं हास्य तलाव उजळत होतं. तिघांनी तर कठोर आवरणही घातलं होतं आणि त्याखाली एकच कोमल हृदय दडवलं होतं.

मामाने चारही लेख सावकाश वाचले. मग त्याने मामीची पेन्सिल घेतली आणि पहिल्या वाक्याखाली रेघ मारली. दुसऱ्याखाली मारली. पानाच्या तळापर्यंत गेला. स्वतःच्या लेखातली एक ओळही त्याने सोडली नाही. "खोटं," तो म्हणाला.

चर्चमध्ये योरुन पाद्रीणबाईंचं भाषण झालं. ती आदल्या आठवड्यात माहिती घ्यायला घरी आली होती तेव्हा मामाने तिला कॉफी पाजली होती आणि माहिती शून्य दिली होती. मग ती बिचारी काय करणार? तिने पेपर वाचला होता. "हाल्बेरा एक झरा होती," तिने सुरुवात केली. आपण शेवाळावरून घसरल्यावर कोण हसलं होतं ते ती विसरली असावी, किंवा क्षमाशील असावी.

मामा माझ्या कानाशी वाकला. "आपण दुसऱ्याच कोणाच्या अंत्यविधीला आलोय."

"गावात चर्च एकच आहे, मामा."

"मग ती कुठे गेली?"

लेख पाठवायचं बटण मीच दाबलं होतं.

नंतर सभागृहात कॉफी. कोळंबी आणि मेयोनीजचे थर दिलेले पावाचे केक, धुरावलेलं मटण घातलेल्या भाकऱ्या, पीळ देऊन तळलेल्या गोड क्लेनुर. लोक ताटली हातात घेऊन मामाकडे येत होते. "सुंदर लिहिलंस, ओडगेर." "डोळ्यांत पाणी आलं, ओडगेर." "तुझ्यात लेखक लपलाय हे माहीत नव्हतं." मामा प्रत्येकाला मान हलवून दाखवत होता, आणि प्रत्येक मान हलवण्याबरोबर त्याचा जबडा आवळत चालला होता. स्वाना मला कोपऱ्यात भेटली आणि हळूच म्हणाली, "इल्लुगी, तुला म्हणून सांगते, मी जरा एआयची मदत घेतली. मला वाटलं मी एकटीच." मंडळाच्या बाईचंही तेच. तिलाही वाटलं होतं ती एकटीच.

आणि मग ओर्नोल्फूर आला.

ओर्नोल्फूर म्हणजे बंदरावरचा क्रेनवाला. गावात त्याला ओर्नोल्फूर कोणी म्हणत नाही, 'काख्या' म्हणतात, आणि ती मामीची देणगी. काही वर्षांपूर्वी त्याच्या मुलीचे होणारे सासरचे गावात आले होते. हा त्यांना मिरवत तलावावर घेऊन गेला. अंघोळ करून सगळे बाहेर आले, पाहुणे पुढे गेले, आणि मामीने काचेमागून हाक दिली, "ओर्नोल्फूर! काखा! परत!" व्याही हसला, विहीण हसली, हौदातला अख्खा गाव हसला. लग्नाच्या जेवणात व्याह्याने भाषणात तो किस्सा सांगितला. तेव्हापासून ओर्नोल्फूर पोहायला डोंगरापलीकडच्या गावी जायचा, घाटातून, बर्फातसुद्धा, पण मामीच्या तलावात पाय घालायचा नाही.

तो मामासमोर उभा राहिला. हातात ताटली नव्हती. पेपर होता.

"ओडगेर, हे काय छापलंय?"

"लेख," मामा म्हणाला.

"ही बाई कोण आहे?"

आजूबाजूचे चमचे थांबले. योरुन पुढे सरसावली, "ओर्नोल्फूर, आज नको..."

"तू थांब गं. मी चारही वाचले, सकाळपासून दोनदा. झरा, झरा, झरा. ओडगेर, मी इथे कशाला आलो माहितेय? तिच्यावर रागवायला. इतकी वर्षं रागावलोय, आज शेवटचं रागवावं आणि घरी जावं, एवढंच होतं माझं. आणि तुम्ही तिला अशी गोड करून पुरलीत की माणसाला रागवायलासुद्धा जागा ठेवली नाहीत! मी काय झऱ्यावर रागवू?"

कोणीतरी म्हणालं, "काख्या, गप बस."

"बघ! बघ!" ओर्नोल्फूर वळून ओरडला. "हे नाव कोणी दिलं? झऱ्याने दिलं? मी धुतल्या होत्या! आजही सांगतो, मी धुतल्या होत्या!"

मला वाटलं, आता मामा त्याला उचलून बाहेर ठेवतो. मामा उठला. ओर्नोल्फूरच्या अगदी जवळ गेला. आणि आठवडाभरात पहिल्यांदा त्याचा जबडा सैल झालेला मी पाहिला.

"बस," त्याने त्याच्यासाठी खुर्ची ओढली. "पुन्हा सांग. ती काय म्हणाली? नीट, तशीच."

"'ओर्नोल्फूर, काखा, परत.'"

"अशी नाही. ती अशी म्हणायची नाही."

ओर्नोल्फूरने घसा साफ केला आणि मामीचा आवाज काढला, नाकातून, शेवटचं अक्षर तोडून. इतका हुबेहूब की स्वानाने दाराकडे वळून पाहिलं. टेबलाच्या पलीकडून कोणीतरी म्हणालं, "मला तर तिने बाळंतपणानंतर पहिल्याच दिवशी परत पाठवलं होतं." दुसरा म्हणाला, "माझ्या हातावर दांड्याचा वळ महिनाभर होता." नगरपालिकेतल्या बाईने कबूल केलं की ती मामीला घाबरून बजेटच्या बैठकीत तलावाची कात्री मागे घ्यायची. ही सगळी मंडळी सकाळी पेपरात झरे सोडून बसली होती.

"हे कोणी का लिहिलं नाही?" मामाने विचारलं. आवाजात राग होता आणि तो स्वतःवरही होता, मला कळत होतं. "एकानेही?"

सगळे आपापल्या ताटलीत बघायला लागले. मामा वळला.

"ओर्नोल्फूर, तू लिही."

"मी? तिच्यावर? मी तक्रार लिहीन."

"तक्रार लिही. पुरून झाल्यावर आलेले लेखही पेपर नंतर छापतो. तुझ्या नावाने, तुझ्या शब्दांत. आणि त्या एआयला विचारलंस तर बघ."

"मला चिडायला कोणाला विचारावं लागत नाही," ओर्नोल्फूर म्हणाला, आणि शेवटी पावाच्या केकचा एक तुकडा घेतला.

त्याने खरंच लिहिलं. पेपरातून फोन आला की हा लेख आहे की तक्रार. त्याने सांगितलं, दोन्ही. त्यांनी दोन्ही ऐकलं आणि वाचकांच्या पत्रांत छापलं, रस्त्यावरचा बर्फ वेळेवर उपसत नाहीत या पत्राच्या खाली. मामा पुन्हा भडकला. पेपरला फोन केला, चुकीचं पान म्हणून भांडला. तिकडची मुलगी म्हणाली, आपलं म्हणणं बरोबर आहे. मामाने फोन आपटला.

पत्र असं होतं:

'हाल्बेरा गेली. तिच्यावर चार लेख आले, त्यांतल्या बाईला मी ओळखत नाही. मी ओळखत होतो त्या हाल्बेराने मला पाहुण्यांदेखत तलावातून परत पाठवलं. मला गावात जे नाव पडलं आहे ते तिच्यामुळे. तिने कधी माफी मागितली नाही. दुकानात भेटली की माझ्या खांद्याकडे बघायची. मी त्या दिवशी धुतल्या होत्या. हे मी तिला एकदा नीट सांगणार होतो, पण मी डोंगरापलीकडे पोहायला जात होतो. आता तिला पटवून द्यायची सोय राहिली नाही. यामुळे माझी फार गैरसोय झाली आहे. ओर्नोल्फूर, हाल्सवीक.'

मामाने ते कापून, प्लास्टिकमध्ये घालून पुरुषांच्या शॉवरमध्ये लावलं, लाल काखांच्या चित्राशेजारी. नव्या राखणदाराला विचारायला हवं होतं; विचारलं नाही. आता अंगाला साबण लावत लोक ते वाचतात, आणि वाचता वाचता जरा जास्तच चोळतात. माझा स्वतःचा अनुभव आहे.

मामा अजून चिडलेलाच असतो. पानावर झरेच राहिले, ते काही कोणी पुसणार नाही, असं तो म्हणतो, आणि त्यात खोटं काही नाही. पण रोज सकाळी तलावावर येतो. ओर्नोल्फूरही येतो, डोंगर ओलांडणं त्याने सोडलं. परवा आम्ही तिघे हौदात बसलो होतो, डोक्यावर बर्फ भुरभुरत होता.

"ओर्नोल्फूर," मामा म्हणाला, "खरं सांग. त्या दिवशी धुतल्या होत्यास?"

ओर्नोल्फूरने समोरच्या डोंगराकडे तोंड फिरवलं. "पाहुणे ताटकळत होते रे."

"म्हणजे नव्हत्या."

"तिला सांगू नकोस."

मामाने हौदातून हात वर काढला, चार बोटांचा, आणि शॉवरच्या दाराकडे दाखवला.

"परत," तो म्हणाला, नाकातून, शेवटचं अक्षर तोडून.

आणि ओर्नोल्फूर एवढा क्रेनवाला गडी, पण मुकाट्याने उठला आणि बर्फातून अनवाणी साबण लावायला गेला.